चिकलठाण्याची गोळी, यकृताचा हिशेब

औरंगाबादच्या कारखानदारीचा मागोवा निघाला की पहिलं नाव बजाजचं येतं. १९८५ साली वाळूजला स्कूटरी बनू लागल्या आणि शहराचं रूप पालटलं, हे खरंच आहे. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८० मध्ये, चिकलठाणा एमआयडीसीत ल्युपिनचा औषधांचा कारखाना आणि संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. पुढे वोक्हार्टचं संशोधन केंद्रही चिकलठाण्यातच आलं आणि वाळूज, शेंद्र्यातही त्या कंपनीचे कारखाने झाले. चार दशकांहून अधिक काळ या शहराने देशाला आणि परदेशाला गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं पुरवली. त्या काळाकडे वळून पाहताना मला कारखान्यांच्या विस्तारापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. गोळी बनवायला आपण लवकर शिकलो. गिळल्यावर तिचं काय होतं हे शिकायला फार वेळ लागला, आणि ते ज्ञान रुग्णाच्या केसपेपरपर्यंत अजून पुरतं पोचलेलं नाही.

यकृताला औषध आणि विष यांतला भेद कळत नाही. पदार्थ परका आहे, तो बाहेर घालवायचा आहे, एवढंच त्याला ठाऊक. आतड्यातून शोषलेलं औषध बहुतेक वेळा आधी यकृतातून जातं आणि मगच उरलेल्या शरीराला मिळतं. पुष्कळशी औषधं चरबीत विरघळणारी असतात, म्हणून तर ती पेशींच्या पडद्यातून आत शिरतात. पण त्याच गुणामुळे मूत्रपिंडात गाळली गेली तरी ती तिथून पुन्हा रक्तात परततात. त्यांना घालवायचं तर आधी पाण्यात विरघळतील अशी करावी लागतात. यकृतातली काही विकरं रेणूवर ऑक्सिजन चढवतात, काही त्याला सल्फेट, ॲसिटिल किंवा ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून देतात, आणि मग तो लघवीतून किंवा पित्तातून निघून जातो. ऑक्सिजन चढवणाऱ्या विकरांचं मोठं कूळ म्हणजे सायटोक्रोम पी-४५०. १९५८ साली यकृताच्या पेशींत एक रंगद्रव्य आढळलं. कार्बन मोनॉक्साइडशी जोडलं गेलं की ते ४५० नॅनोमीटर लांबीचा प्रकाश शोषत असे. ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये त्याचं नाव त्या आकड्यावरूनच ठेवलं.

ल्युपिनची ओळख क्षयाच्या औषधांची. चिकलठाण्यात तयार झालेल्या टीबीच्या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त यादीत गेल्या आणि तिथून अनेक गरीब देशांत पोचल्या. या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड हे औषध शरीराच्या रसायनशाळेबद्दल बरंच काही शिकवून गेलं आहे. प्रागमध्ये १९१२ साली ते पहिल्यांदा तयार झालं, पण क्षयावर चालतं हे कळायला १९५२ उजाडलं. लगेचच डॉक्टरांच्या लक्षात आलं की सारखीच मात्रा देऊनही काही रुग्णांच्या रक्तात औषध टिकून राहतं आणि काहींच्या रक्तातून झटपट नाहीसं होतं. १९६० साली प्राइस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यात माणसांचे चक्क दोन गट पडतात आणि ते आनुवंशिक आहेत. आयसोनियाझिडला ॲसिटिल जोडणारं नॅट-२ हे विकर कुणात जोमाने काम करतं, कुणात हळू. जलद गटात औषधाची रक्तातली पातळी साधारण तासाभरात निम्म्यावर येते, मंद गटात त्याला तीन तासांच्या आसपास लागतात.

हा विषय भारतातच, मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात, फार बारकाईने अभ्यासला गेला. ते केंद्र १९५६ साली सुरू झालं. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, त्याच वर्षीचं. मद्रासच्या मंडळींनी १९५९ मध्ये आधी हे सिद्ध केलं की क्षयाचा रुग्ण सॅनिटोरियममध्ये न ठेवता घरी राहूनही तितकाच बरा होतो. मग त्यांनी मात्रांकडे लक्ष वळवलं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोक मंद गटातले आहेत, हे दिसून आलं. मंद गटातल्या रुग्णांच्या पायांना मुंग्या येत, तळवे जळजळत, कारण साचलेलं आयसोनियाझिड बी-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. त्यावर बी-६ ची छोटी गोळी सोबत देण्याचा उपाय निघाला, आणि तो आजही चालू आहे. आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिलं तेव्हा मात्र उलटं घडलं. जलद गटातले रुग्ण मागे पडले, कारण पुढच्या मात्रेपर्यंत त्यांच्या शरीरात काही उरतच नव्हतं. इतकं स्वच्छ उत्तर देणारा प्रयोग वैद्यकात क्वचित सापडतो. त्याचं श्रेय आपल्या देशातल्या गरीब रुग्णांना आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या परिचारिकांना आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याच गोळीतलं रिफाम्पिसिन दुसऱ्या टोकाचं. ते यकृतातली विकरं वाढवतं. घेतल्यावर लघवी नारिंगी होते हे घरोघरी ठाऊक असतं, पण त्याच वेळी दुसरी औषधं रक्तातून भराभर ओसरू लागतात याची कल्पना नसते. कुटुंबनियोजनाची गोळी घेणारी बाई रिफाम्पिसिनवर असेल तर त्या गोळीचा भरवसा राहत नाही. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावं लागतं. एवढंच काय, काही दिवसांत रिफाम्पिसिन स्वतःलाही लवकर बाहेर काढू लागतं.

कारखान्यांत मात्र त्या काळात वेगळीच शर्यत होती. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट राहिलं नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर राहिलं. वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवा आणि स्वस्तात विका, ही मुभा मिळाली आणि त्यातून देशाचा औषध उद्योग उभा राहिला. चिकलठाणाही त्यातच वाढलं. त्या धंद्यात शरीराशी संबंध यायचा तो बरोबरी दाखवण्यापुरता. निरोगी स्वयंसेवकांना मूळ औषध आणि आपलं औषध द्यायचं, ठरावीक वेळांनी रक्त घ्यायचं आणि दोन्ही आलेख जुळतात का ते पाहायचं. ही परीक्षा कमी लेखण्यासारखी नाही. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वोक्हार्टच्या वाळूज कारखान्याचा माल रोखला, नोव्हेंबरमध्ये चिकलठाण्याचाही. पुढच्या वर्षी रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉलच्या लांब पल्ल्याच्या गोळ्या अमेरिकेच्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या, कारण गोळी ठरलेल्या गतीने विरघळत नव्हती. शहराच्या औषधी इतिहासातली ती कडू वर्षं. मागोव्यात ती गाळून चालणार नाही.

मेटोप्रोलॉलच्या बाबतीत ही गती का महत्त्वाची, हेही यकृतच सांगतं. हे औषध सीवायपी-२डी६ नावाच्या विकराकडून मोडलं जातं, आणि काही माणसांत ते विकर जवळजवळ नसतंच. त्याचा शोध नाट्यमय आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातले रॉबर्ट स्मिथ यांनी १९७० च्या दशकात डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचं औषध सहकाऱ्यांसोबत स्वतःही घेतलं. बाकीच्यांना काही झालं नाही, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका कोसळला की उभं राहणं अशक्य झालं. त्यांच्या लघवीत मोडलेलं औषध जवळपास नव्हतंच. १९७७ साली हा अभ्यास छापून आला आणि एकाची मात्रा दुसऱ्याला घातक ठरू शकते, याला जनुकीय आधार मिळाला.

शरीर नेहमी औषध मोडतंच असं नाही, कधी ते औषध घडवतंही. १९३५ साली डोमाक यांनी प्राँटोसिल हे लाल रंगद्रव्य जंतुसंसर्गावर गुणकारी असल्याचं जाहीर केलं. परीक्षानळीत ते जंतूंना काहीच करत नव्हतं. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला की शरीरात गेल्यावर त्याचे तुकडे होतात आणि खरं औषध, सल्फॅनिलामाइड, तेव्हा मोकळं होतं. घरोघरी असलेल्या पॅरासिटॅमॉलची कथाही अशीच. तापावर १८८६ पासून ॲसिटॅनिलाइड दिलं जात होतं, त्याने ओठ निळे पडायचे. १९४८ मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं की यकृत त्याचं पॅरासिटॅमॉल बनवतं आणि वेदना कमी होतात त्या या दुसऱ्या रेणूमुळे. तेच पॅरासिटॅमॉल वाजवीपेक्षा जास्त घेतलं तर पी-४५० त्यातल्या काही भागाचं विष करतं, ते निकामी करणारं ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. ॲसिटिलसिस्टीन वेळेत दिलं तर रुग्ण वाचतो, म्हणून गोळ्या जास्त गेल्याचा संशय जरी आला तरी उलटीची वाट न पाहता रुग्णालय गाठायला हवं.

यकृतातल्या या रसायनक्रियेची भयंकर बाजू महाराष्ट्राने १९८६ मध्ये पाहिली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं होतं, १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपमुळे छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणावी लागली, तेव्हाही तोच पदार्थ होता. दारू मोडणारी यकृतातली विकरंच त्याचं डायग्लायकॉलिक आम्ल बनवतात आणि ते आम्ल मूत्रपिंड बंद पाडतं. चाळीस वर्षांत आपण हे थांबवू शकलो नाही, याचा राग येतो.

आता पुन्हा चिकलठाण्याकडे. १ जानेवारी २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत लागू झालं. नक्कल करून चालणार नव्हतं. वोक्हार्टच्या संशोधकांनी प्रतिजैविकांवर त्याआधीच काम सुरू केलं होतं. जपानच्या ओत्सुका कंपनीचं नॅडिफ्लोक्सासिन हे औषध १९९३ पासून मुरुमांवरच्या मलमात होतं. रेणूच्या आरशातल्या दोन रूपांपैकी एकच घेऊन, लेव्होनॅडिफ्लोक्सासिन म्हणून ते शिरेतून देण्याजोगं बनवण्यात आलं. अडचण तोंडाने द्यायची होती. त्यावर त्यांनी रेणूला ॲलॅनिन हे साधं अमिनो आम्ल जोडलं. ॲलॅनिन असताना औषध आतड्यातून चांगलं शोषलं जातं, मग शरीरातली विकरं तो जोड तोडतात आणि लेव्होनॅडिफ्लोक्सासिन मोकळं होतं. तोंडाने घेतलेल्या औषधाचा सुमारे ९० टक्के भाग अशा रीतीने रक्तात पोचतो. काम संपल्यावर यकृत त्याला सल्फेट जोडतं, तो सल्फेट जंतूंवर काही करत नाही आणि बाहेर पडतो. प्राँटोसिलमध्ये जे नकळत घडलं होतं, ते इथे कागदावर आधी आखून केलं गेलं. जानेवारी २०२० मध्ये एमरॉक आणि एमरॉक-ओ या नावांनी इंजेक्शन आणि गोळीला भारतात मान्यता मिळाली, त्वचेच्या गंभीर संसर्गासाठी आणि मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठीही. नक्कल करणाऱ्या शहराने शरीराच्या चालीवर बेतलेला रेणू घडवला, याला मी गेल्या चार दशकांतली सर्वांत मोठी गोष्ट मानतो.

वोक्हार्टचं त्यानंतरचं औषध नॅफिथ्रोमायसिन. २० नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते ते जाहीर झालं, न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस. देशातलं पहिलं स्वदेशी प्रतिजैविक म्हणून त्याचा गाजावाजा झाला, तेव्हा एमरॉकची आठवण फारशी कुणी काढली नाही, हे खटकलं. नॅफिथ्रोमायसिन ज्या घराण्यातलं, त्याचा इतिहास सावध करणारा आहे. घराण्यातलं जुनं एरिथ्रोमायसिन सीवायपी-३ए४ हे विकर अडवतं. ॲलर्जीवरच्या टर्फेनाडिनबरोबर ते दिलं की टर्फेनाडिन साचायचं आणि हृदयाची लय बिघडायची. अखेर टर्फेनाडिन बाजारातून गेलं आणि शरीर त्यापासून जे बनवत होतं ते फेक्सोफेनाडिनच औषध म्हणून आलं. नॅफिथ्रोमायसिनच्या जवळचं टेलिथ्रोमायसिन २००४ मध्ये अमेरिकेत आलं, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या आणि २००७ मध्ये त्याचे तीनपैकी दोन वापर काढून घेण्यात आले. म्हणून हजारो रुग्णांत वापर सुरू झाल्यावर यकृताच्या तपासण्यांच्या नोंदी कसोशीने ठेवणं, हे या औषधाच्या पहिल्या काही वर्षांचं खरं काम आहे.

आणि ती नोंद ठेवायची जागा रुग्णालय आहे. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी यकृताने बदलल्याशिवाय काम करत नाही. हा बदल करणारं सीवायपी-२सी१९ कमजोर असलेल्या माणसांबद्दल अमेरिकेने २०१० मध्ये ठळक इशारा छापायला लावला, आणि तो जनुकीय बदल भारतीयांत पुष्कळ आढळतो. स्टेंट बसवलेल्या रुग्णाची ही तपासणी आपल्याकडे क्वचित होते. क्षयाच्या कार्यक्रमात २०१७ पासून देशभर रोजची मात्रा आली, हे मोठं पाऊल आहे. पण मात्रा ठरते ती वजनावर. पन्नास किलोच्या कुणालाही चार गोळ्या, म्हणजे ३०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड. त्यांपैकी एकाचं नॅट-२ जलद असेल, दुसऱ्याचं मंद. कार्डावर वजनाचा रकाना आहे, नॅट-२ चा नाही. हे शोधायला महागडं यंत्रच लागतं असंही नाही. शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत. जनुकीय चाचणी परवडत नसेल तिथे जुनी पद्धत आहेच. सल्फाडिमिडिनची एक मात्रा द्यायची, काही तासांनी लघवीचा नमुना घ्यायचा आणि त्यातलं किती औषध ॲसिटिल जोडून बाहेर आलं ते मोजायचं.