विद्युत-रासायनिक प्रणालींतील वस्तुमान-संक्रमणाचे गणिती प्रतिमान : सांडपाण्यातील तांब्याच्या पुनर्प्राप्तीच्या संदर्भात

बीजसंज्ञा : वस्तुमान-संक्रमण, विसरण, सीमांत प्रवाह घनता, विसरण-स्तर, तांबे

प्रस्तावना

विद्युत विलेपनाच्या कारखान्यात तांब्याचा मुलामा दिलेल्या वस्तू पाण्याने धुतल्या जातात आणि त्या धुणीच्या पाण्याबरोबर तांब्याचे आयन बाहेर पडतात. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांत, नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यातील तांब्यावर लिटरमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. चुन्यासारखा अल्क घालून हे तांबे साक्याच्या रूपाने वेगळे करता येते. परंतु त्यातून धातुमिश्रित गाळाची नवी समस्या उभी राहते. याउलट विद्युत अपघटनाने तेच तांबे शुद्ध धातूच्या रूपात परत मिळू शकते. मग धातुशुद्धीकरणात यशस्वी ठरलेली ही पद्धत सांडपाण्याच्या बाबतीत इतकी संथ का ठरते, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर वस्तुमान-संक्रमणाच्या गणिती प्रतिमानातून कसे मिळते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आयनांच्या वहनाचे तीन मार्ग

ऋणाग्राच्या पृष्ठभागावर तांब्याचा प्रत्येक आयन दोन इलेक्ट्रॉन स्वीकारून धातुरूप होतो. ही अभिक्रिया कितीही जलद असली, तरी आयन पृष्ठभागापर्यंत पोहोचल्याखेरीज ती घडू शकत नाही. आयन तीन प्रकारे वाहून नेले जातात : संहतीतील फरकामुळे होणारे विसरण, विद्युत क्षेत्रामुळे होणारे स्थलांतर आणि द्रावणाच्या हालचालीमुळे होणारे अभिसरण. या तिन्हींची बेरीज करणारे समीकरण नेर्न्स्ट-प्लांक समीकरण म्हणून ओळखले जाते. त्यातील विसरणाच्या पदाचा आधार म्हणजे आडोल्फ फिक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडलेला नियम होय.

संपूर्ण समीकरण सोडविणे कठीण असल्याने गृहीतके करावी लागतात. द्रावणात सल्फ्युरिक आम्ल विपुल असल्यास विद्युतभार वाहण्याचे काम मुख्यतः आम्लाचे आयन करतात आणि तांब्याच्या आयनांचे स्थलांतर नगण्य मानता येते. अभिसरणाचा प्रश्न वाल्टर नेर्न्स्ट यांनी १९०४ मध्ये एका सोप्या कल्पनेने हाताळला. विद्युतअग्रालगत द्रावणाचा एक पातळ, स्थिर थर आहे; त्या थरात केवळ विसरण होते आणि त्याबाहेर संहती सर्वत्र सारखी असते, असे त्यांनी मानले. यालाच विसरण-स्तर म्हणतात.

सीमांत प्रवाह घनता

विभवांतर वाढवीत गेल्यास पृष्ठभागावरील तांब्याची संहती घटत जाऊन अखेर शून्याजवळ येते. त्यानंतर विभवांतर कितीही वाढविले, तरी तांब्याच्या निक्षेपणाचा वेग वाढत नाही. या अवस्थेतील प्रवाह पुढील सूत्राने मिळतो :

सीमांत प्रवाह घनता = (संयुजा × फॅरडे स्थिरांक × विसरणांक × संहती) ÷ विसरण-स्तराची जाडी

तांब्याची संयुजा २ आणि फॅरडे स्थिरांक मोलमागे ९६,४८५ कूलंब आहे. विसरणांक दर सेकंदाला ५ × १०⁻¹⁰ चौरस मीटर आणि न ढवळलेल्या द्रावणातील स्तराची जाडी ०.१ मिलिमीटर मानू. तांब्याच्या शुद्धीकरणाच्या टाकीत लिटरमागे सुमारे ४५ ग्रॅम तांबे असते. त्यावरून सीमांत प्रवाह घनता दर चौरस मीटरला सुमारे ६८० अँपिअर येते. प्रत्यक्ष उद्योगात साधारणतः २०० ते ३५० अँपिअर वापरले जातात. सीमेच्या जवळ गेल्यास निक्षेप खडबडीत व भुकटीसारखा होऊ लागतो; म्हणून हे अंतर राखले जाते.

आता लिटरमागे ५० मिलिग्रॅम तांबे असलेले धुणीचे पाणी घेऊ. त्याच गृहीतकांनुसार सीमा केवळ ०.७६ अँपिअर येते. एक किलोग्रॅम तांबे मिळविण्यास सुमारे ३०.४ लाख कूलंब विद्युतभार लागतो. म्हणजे एक चौरस मीटरच्या पत्र्यावर या सीमेवरही सुमारे ४६ दिवस लागतील, आणि तेही संहती कायम राहिली असे मानल्यास. घाईने १० अँपिअर प्रवाह सोडला, तर त्यातील जास्तीत जास्त ७.६ टक्के भाग तांब्याच्या कामी येईल. उरलेला प्रामुख्याने हायड्रोजन वायू निर्माण करण्यात खर्च होईल. अधिक वीज पुरविणे हा येथे उपाय नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

काळानुसार होणारी घट

सीमांत अवस्थेत निक्षेपणाचा वेग उरलेल्या संहतीच्या प्रमाणात असल्याने संहती घातांकी पद्धतीने घटते. एक घनमीटर पाण्यात १० चौरस मीटर ऋणाग्र ठेवल्यास सुमारे ३.९ तासांनी संहती निम्मी होते. ५० मिलिग्रॅमवरून ३ मिलिग्रॅमवर येण्यास अशा रीतीने सुमारे १५.६ तास लागतात. तेच द्रावण वेगाने खेळवून स्तराची जाडी ०.०२ मिलिमीटर केली आणि सच्छिद्र विद्युतअग्र वापरून क्षेत्रफळ १०० चौरस मीटर केले, तर हा काळ सुमारे १९ मिनिटांवर येतो. जाडी आणि क्षेत्रफळ या दोनच राशींवर अभिकल्पकाचे खरे नियंत्रण असते.

प्रतिमानाच्या मर्यादा

नेर्न्स्ट यांचा स्थिर थर प्रत्यक्षात अस्तित्वात नसतो. विद्युतअग्राच्या अगदी जवळही द्रव वाहत असतो. व्ही. जी. लेविच यांनी १९४२ मध्ये फिरत्या चकतीच्या विद्युतअग्रासाठी प्रवाहाची समीकरणे सोडवून स्तराची जाडी गृहीत न धरता गणिताने काढली. ती फिरण्याच्या वेगाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे वेग चौपट केल्यास सीमांत प्रवाह दुप्पट होतो. अशा रीतीने नेर्न्स्ट यांच्या कल्पनेला द्रवगतिशास्त्राचा आधार मिळाला.

सांडपाण्याच्या बाबतीत आणखी काही सावधगिरी आवश्यक ठरते. पाण्यात आम्ल अल्प असल्यास स्थलांतर नगण्य मानता येत नाही. विरघळलेल्या ऑक्सिजनचे क्षपणही प्रवाहाचा मोठा वाटा घेते. तसेच सच्छिद्र विद्युतअग्राच्या आत विभव सर्वत्र सारखा नसल्याने संपूर्ण क्षेत्रफळ उपयोगी पडतेच असे नाही. न्यूमन व टोबायस यांनी १९६२ मध्ये याच असमान वितरणाचे सैद्धांतिक विश्लेषण केले. म्हणून वरील १९ मिनिटे ही उत्तम परिस्थितीतील सीमा समजावी, प्रत्यक्षाचे भाकीत नव्हे.

निष्कर्ष

विरल द्रावणातून धातू मिळविण्याचा वेग विजेच्या उपलब्धतेवर नव्हे, तर आयनांच्या आगमनावर ठरतो. काही थोड्या राशींचे एक साधे प्रतिमान हे तत्त्व आकड्यांत मांडते आणि खर्च कोठे करावा हेही दाखविते : विद्युतपुरवठ्याची क्षमता वाढविण्याऐवजी द्रावण खेळविण्यावर आणि पृष्ठभाग वाढविण्यावर. मात्र कोणते गृहीतक कोठवर टिकते, याचे भान ठेवूनच अशा प्रतिमानाचा उपयोग करणे इष्ट होय.