बाथरूममध्ये निघालं ते गांडूळ की साप? जाणून घ्या ‘वाळा’विषयी सारं काही

पावसाळा लागला की बुलढाणा जिल्ह्यातही बाथरूमच्या जाळीतून, मोरीतून किंवा कुंडीखालून एक काळपट, चकचकीत जीव वळवळत बाहेर येतो. कुणी त्याला गांडूळ समजतं, तर कुणी ‘नागाचं पिल्लू’ म्हणून ठेचतं. बहुतेक वेळा तो असतो वाळा, पूर्ण वाढ झालेला आणि बिनविषारी साप.

ओळखायचा कसा?

वाळ्याची लांबी साधारण १० ते १५ सेंमी, जाडी उदबत्तीएवढी. डोकं आणि शेपूट सारखंच बोथट. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके. त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. गांडुळाचं अंग ओलसर, चिकट असतं. वाळ्याचं अंग कोरडं, खवल्यांचं असतं आणि तो जीभ बाहेर काढतो. शेपटीच्या टोकाचा बारीक काटा हाताला टोचतो, पण त्यात विष नसतं.

पावसातच का दिसतो?

एरवी तो जमिनीखाली राहून मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या खातो. बिळात पाणी भरलं की वर येतो. तो कानात शिरतो, ही भीतीही निराधार आहे. त्याला शिरायचं असतं ते मातीत.

सगळ्या माद्याच!

या जातीत फक्त माद्या असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीतल्या मातीबरोबर एक जरी नव्या ठिकाणी पोचली, तरी वंश सुरू होतो. अशाच प्रवासातून हा साप अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत पसरला. इंग्रजीत त्याला ‘फ्लॉवरपॉट स्नेक’ म्हणतात. त्याचा मोठा भाऊबंद चंचुवाळा मात्र फक्त भारतात सापडतो आणि ६० सेंमीपर्यंत वाढतो.

धोका कुठे आहे?

‘वाळाच आहे’ म्हणून मण्यारचं पिल्लू हातात घेण्यात. ते वाळ्यापेक्षा बरंच लांब असतं, डोळे स्पष्ट दिसतात आणि अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. पिल्लूही विषारीच असतं. मण्यार अनेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. वेदना इतकी कमी की चावल्याचं कळतही नाही.

काय कराल?

वाळ्याची खात्री असेल तर कागदावर घेऊन बागेत सोडा. शंका असेल तर हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा. दंशाचा संशय आला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ वर फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.