घर हलू लागलं तर?

भूकंप म्हटला की आपल्याला कोयना आठवते, किल्लारी आठवते. आपण शहरात, सिमेंटच्या इमारतीत राहतो, आपल्याला कसली भीती, असं पुष्कळ मैत्रिणींना वाटतं. पण २६ जानेवारी २००१ ची सकाळ आठवा. भूकंप झाला कच्छमध्ये, आणि तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत सिमेंटच्या इमारती कोसळून शेकडो माणसं गेली.

जमीन का हलते?

शाळेत मुलांना समजावताना मी घरातलाच दाखला देते. पावसाळ्यात टेबलाचा लाकडी खण फुगून अडकतो. आपण ओढत राहतो, तो हलत नाही. आणि एकदम असा सुटतो की आतले चमचे खणखणतात. पृथ्वीच्या पोटातल्या खडकांतही जुन्या भेगा असतात. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेले असतात, तिला प्रस्तरभंग म्हणतात. आपला भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्याचा ताण या भेगांवर साठतो. तो असह्य झाला की अडकलेले खडक निसटतात आणि हिसका दूरवर पोचतो.

ही भेग वरून दिसतेच असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला हादरलेलं किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. भूकंपाचा दिवस आधी सांगता येत नाही. पण बहुतेक जीव जातात ते पडणाऱ्या घरांमुळे, आणि घराकडे आपण आजच पाहू शकतो.

आधी इमारत पाहा

अहमदाबादेत पडलेल्या अनेक इमारतींचं दुखणं एकच होतं. खाली गाड्यांसाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले. हादऱ्याचा सारा भार त्या खांबांवर आला. तुमची इमारत अशी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. खांब जाड करून किंवा मधे योग्य भिंती घालून तिला बळकटी देता येते. सोसायटीच्या सभेत रंगकामाला लगेच मंजुरी मिळते, खांबांचा विषय मात्र पुढच्या वर्षावर जातो. तो आपण बायकांनीच लावून धरायला हवा. आणि दिवाणखाना मोठा करण्यासाठी खांब किंवा तुळई कुणालाही तोडू देऊ नका.

मग घर

- उंच कपाटं, फडताळं भिंतीला पट्टीने पक्की करा.
- जड डबे, लोणच्याच्या बरण्या खालच्या फळीवर ठेवा. पलंगाच्या डोक्याशी जड तसबीर नको.
- टॉर्च, रोजची औषधं, पिण्याचं पाणी आणि महत्त्वाचे कागद एका पिशवीत हाताशी असू द्या.
- पलंगाशेजारी चपला ठेवा. काचा पायात जातात.

हादरा बसला तर

जिन्याकडे धावू नका, लिफ्ट तर नकोच. भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. खिडक्या-कपाटांपासून दूर राहा. अंथरुणात असाल तर तिथेच उशी डोक्यावर घ्या. हादरा थांबला की गॅसचा रेग्युलेटर बंद करा. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. मग जिन्याने मोकळ्या जागी जा. पुन्हा धक्के बसू शकतात, तेव्हा तडे गेलेल्या घरात लगेच परतू नका.

दुपारी पुष्कळ घरांत मुलं एकटीच असतात. त्यांच्याकडून हे सारं खेळासारखं दोन-तीनदा करून घ्या. सगळ्यांनी भेटायची जागा ठरवा आणि परगावच्या एका नातेवाइकाचा नंबर पाठ करून घ्या. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. येत्या रविवारी निदान कपाटाची पट्टी तरी बसवून घ्याच!