मोडीत काढलेले उपग्रह आणि दक्षिण ध्रुव

पत्र्याच्या घरावरही आज टीव्हीची छत्री दिसते. ती एकदा बसवली की फिरवावी लागत नाही. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो जागचा हलत नाही. पण दक्षिण ध्रुवावरून असा उपग्रह दिसतच नाही. पृथ्वीची गोलाई आड येते. मग तिथल्या अमेरिकेच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रातली माणसे जगाशी बोलत कशी?

म्हाताऱ्या उपग्रहांच्या जोरावर! सूर्य-चंद्राच्या ओढीने उपग्रहाची कक्षा कलत जाते. ती सरळ ठेवायला इंधन लागते. इंधन सरले की मालकाच्या लेखी उपग्रह निकामी. (निकामी कोण, हे नेहमी मालकच ठरवतो!) पण कक्षा पुरेशी कलली की तोच उपग्रह रोज काही तास ध्रुवाच्या क्षितिजावर उगवतो. १९७८ साली हवामानासाठी सोडलेला गोज-३ अशा रीतीने २०१६ पर्यंत राबला.

या दळणवळणाचे मोल १९९९ साली कळले. केंद्रावरच्या एकमेव डॉक्टर जेरी नील्सन यांना स्वतःच्याच स्तनात गाठ आढळली. ऐन हिवाळा, महिनोन्‌महिने विमान उतरणे अशक्य. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा सल्ला ई-मेलने घेत त्यांनी स्वतःच सुईने गाठीचा नमुना काढला. मदतीला कोण? ना डॉक्टर, ना नर्स, केंद्रावरचा वेल्डर! जुलैत वायुदलाच्या विमानाने न उतरताच वरून औषधे आणि उपकरणे टाकली. नमुन्याची चित्रे उपग्रहामार्फत तज्ज्ञांपर्यंत पोहोचली, कर्करोगाचे निदान झाले, सहकाऱ्यांच्या मदतीने उपचार सुरू झाले. १६ ऑक्टोबरला विमान उतरले आणि त्यांना घेऊन निघाले. त्यानंतर त्या जवळपास दहा वर्षे जगल्या. याला कुणी दैवी कृपा म्हणू नये. हे वेल्डरचे, वैमानिकांचे, तंत्रज्ञांचे कष्ट होते.

पुढे ध्रुवांवरूनच फिरणाऱ्या इरिडियमच्या ६६ उपग्रहांमुळे कोणत्याही वेळी फोन लावता येऊ लागला. मात्र माहितीची मोठी गाठोडी त्या बारीक नळीतून जात नसत.

आपली मैत्री आणि भारती ही केंद्रे ध्रुवापासून दूर, ७० अंशांच्या आसपास आहेत. गोव्यातील वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्यांचा कारभार पाहते. त्यांना स्थिर उपग्रह दिसतो, पण अगदी क्षितिजालगत. भारतीला मात्र एक वेगळा लाभ मिळाला. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे आपले उपग्रह प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातात. त्यामुळे २०१२ साली उभ्या राहिलेल्या या केंद्रातला अँटेना त्यांची माहिती उतरवून घेतो आणि हैदराबादजवळच्या शादनगरला पाठवतो.