बाटलीत थोडे, चोथ्यात फार

लग्नसराईत पार्लरच्या दरपत्रकात ‘वाइन फेशियल’ आता फ्रूट फेशियल आणि गोल्ड फेशियलच्या पंगतीला बसले आहे. लाल वाइनने चेहरा उजळतो, सुरकुत्या मागे हटतात, असे सांगितले जाते. दावा अगदीच पोकळ नाही. पण त्यातले तथ्य बाटलीत कमी आणि वायनरीच्या मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्या चोथ्यात जास्त आहे.

पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून घेतात. लाल वाइनचा रस मात्र साली-बियांसकट आंबवतात. त्या काही दिवसांत सालीतली अँथोसायनिन रंगद्रव्ये, सालीतले रेस्व्हेराट्रॉल आणि साली-बियांतले टॅनिन रसात उतरतात. बुरशीने हल्ला केला किंवा अतिनील किरणांचा मारा झाला की वेल रेस्व्हेराट्रॉल स्वतःच्या बचावासाठी बनवते. मिचिओ ताकाओका या जपानी संशोधकाने ते 1939 मध्ये प्रथम वेगळे केले, तेही द्राक्षातून नव्हे, एका रानवनस्पतीतून. फ्रान्समध्ये बोर्दोचे संशोधक जॅक मास्केलिए शेंगदाण्याच्या लाल सालीवरून द्राक्षबियांतील प्रोअँथोसायनिडिन या टॅनिनपर्यंत पोहोचले. त्याच बोर्दोच्या द्राक्षमळ्यात 1995 मध्ये ‘कॉदाली’ ही प्रसाधन कंपनी सुरू झाली आणि द्राक्षबिया सौंदर्याच्या बाजारात आल्या.

1997 मध्ये जॉन पेझुटो आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. रेस्व्हेराट्रॉल लावलेल्या उंदरांच्या त्वचेवर कर्करोगाच्या गाठी कमी उठल्या. हा प्रयोग शुद्ध रेस्व्हेराट्रॉलचा होता, वाइनचा नव्हता, आणि जाहिरातींत नेमके हेच गळते. एक लिटर लाल वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल जेमतेम काही मिलिग्रॅम असते. क्रीमच्या चाचण्यांत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे वाइनच्या हजारो पट असते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका चाचणीत बारा आठवड्यांनंतर उन्हाने रापलेल्या त्वचेत सुधारणा दिसली. पण त्या क्रीममध्ये बायकॅलिन आणि ई-जीवनसत्त्वही होते, त्यामुळे श्रेय कुणाला किती, हे ठरत नाही. शिवाय रेस्व्हेराट्रॉल पाण्यात फारसे विरघळत नाही आणि प्रकाशात त्याचे रूप बदलते. उघड्या वाटीतली वाइन चेहऱ्यावर फासून ते त्वचेत मुरेल, ही आशा फोल आहे.

मग फेशियलनंतर चेहरा तुकतुकीत का वाटतो? वाइनमध्ये टार्टारिक आम्ल असते आणि अशी फळांतली आम्ले मृत पेशींचा थर सैल करतात. वाइनमध्ये त्याचे प्रमाण कमीच असते, त्यामुळे बराचसा वाटा मसाज, वाफ आणि मॉइश्चरायझरचा धरावा. वाइनमधले बारा-चौदा टक्के अल्कोहोल मात्र कोरडी त्वचा आणखी ओढून काढते. ज्यांना रोझेशिया या त्वचाविकाराचा त्रास आहे, त्यांच्यापैकी अनेकांचा चेहरा तर वाइन पिऊनही लालबुंद होतो.

‘आयुर्वेदात सांगितलेच आहे’ हे वाक्यही इथे जपून वापरावे. चरकसंहितेत द्राक्ष कंठ्य (घशाला हितकर), कासहर (खोकला घालवणाऱ्या) आणि श्रमहर (थकवा घालवणाऱ्या) गणांत आहे. वर्ण सुधारणाऱ्या वर्ण्य गणात चंदन, वाळा, मंजिष्ठा, सारिवा आहेत, द्राक्ष नाही.

आता आपल्या मातीकडे वळू. नाशिकची खाण्याची द्राक्षे म्हणजे मुख्यतः थॉम्पसन सीडलेस आणि तिचे भाऊबंद: साल पातळ, बी नाही. साली-बियांच्या अर्काला लागते नेमके तेच तिथे नाही. वाइनची शिराज, कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची. नाशिकला सुला या कंपनीची वायनरी उभी राहिल्यावर आणि राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 मध्ये आल्यावर हे वाण जिल्ह्यात पसरले. एक टन द्राक्षे गाळली की साधारण दोनशे किलो चोथा, म्हणजे मुख्यतः साली आणि बिया, उरतो. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून ‘मांजरी मेडिका’ हा रसाचा वाण काढला. त्याचा गरही रंगीत असतो, म्हणून अँथोसायनिन भरपूर. रस काढल्यावर उरलेल्या साली-बियाही उपयोगात आणायच्या, हा त्यामागचा विचार.

चोथ्याचे सोने आपोआप होत नाही. ओला चोथा लगेच आंबतो आणि त्याला बुरशी धरते. तो गाळपाच्या जागीच सुकवावा लागतो, बिया वेगळ्या कराव्या लागतात. बियांचे तेल काढले तर त्यात लिनोलिक आम्ल येते. त्वचेला मऊपणा देणारे ते चांगले तेल आहे. पण प्रोअँथोसायनिडिन तेलात फारसे उतरत नाहीत, ते पेंडीत राहतात. ‘ग्रेपसीड ऑइल’ लिहिलेली बाटली म्हणजे ‘ग्रेपसीड एक्स्ट्रॅक्ट’ नव्हे.

म्हणून ग्राहकाने तीन गोष्टी पाहाव्यात: वाइन आहे की अर्क, अर्काची टक्केवारी छापली आहे का, आणि बाटली प्रकाशापासून झाकलेली आहे का. उन्हाने येणाऱ्या सुरकुत्यांवर आजही सर्वांत भक्कम पुरावा सनस्क्रीनचा आहे. द्राक्षाचा अर्क त्याच्या जोडीला चालेल, जागी नाही. वायनरीवाल्यांसाठी हिशेब वेगळा आहे. जानेवारी ते मार्च या गाळपाच्या दिवसांत चोथा सुकवण्याची सोय शेजारीच उभी राहिली आणि भारतीय त्वचेवर रीतसर चाचण्या झाल्या, तर आज खतात जाणाऱ्या मालाला भाव मिळेल. तोपर्यंत वाइन फेशियलच्या दरात वाइनपेक्षा नावाचेच पैसे अधिक आहेत.