आठ टॅपेटची गाडी

इंजिन पुरतं थंड झाल्याशिवाय मिस्त्री पद्मिनी गाडीच्या टॅपेटला हात लावत नाहीत. बॉनेट वर करून ते इंजिनाचं झाकण काढतात, तेव्हा तेलाने माखलेले आठ रॉकर एका ओळीत दिसतात. सिलिंडर चार, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह. इंजिन हाताने फिरवून एका सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटवायचे आणि रॉकरखालच्या फटीत फिलर गेजची पातळ पट्टी सरकवायची. ती किंचित घासत, पण न अडकता बाहेर आली पाहिजे. नट सैल करायचा, स्क्रू जरासा फिरवायचा, नट पुन्हा आवळायचा. आवळताना फट बदलते, म्हणून पट्टी परत आत. फट कमी राहिली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं, पुढे व्हॉल्व्हच जळतो. जास्त राहिली, तर टकटक सुरू होते.

या इंजिनाची मूळ घडण १९३७ सालची. फियाटचे अभियंते दान्ते जियाकोसा यांच्या हाताखाली तयार झालेलं १०८९ सीसीचं हे इंजिन १९५३ च्या नव्या फियाट ११०० मध्ये आलं. त्या गाडीला वेगळी चॅसी नव्हती, बॉडी एकसंध होती. १९६२ ला ११०० डी आली आणि दोन वर्षांनी ती कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनू लागली. इटलीत १९६९ साली फियाट १२८ ने ११०० ची जागा घेतली. मुंबईत मात्र १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने तीच गाडी शतक सरेपर्यंत निघत राहिली.

परवान्यांच्या काळात दुसरी गाडी सहज मिळत नव्हती, म्हणून ती इतकी वर्षं बनली. पण टॅक्सी होऊन दिवसरात्र धावली, ती पाना आणि पेचकस घेऊन कोणालाही आत शिरता येत होतं म्हणून.

टॅपेट झाल्यावर मिस्त्री इंजिन सुरू करतात. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर फिरवत ऐकत राहतात. मिसिंग थांबून आयडलिंग एकसारखं झालं, की हात थांबतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता हौसेने जपलेल्या खासगी गाड्या उरल्यात. त्यांचे पार्ट लेथवर घडवून घेता येतील. पट्टीचं घासणं बोटांनी ओळखण्याची कला मात्र मिस्त्रींच्या शेजारी उभं राहूनच शिकावी लागते. ज्यांना या गाड्या चालत्या हव्यात, त्यांनी आज एखाद्या शिकाऊ मुलाच्या पगाराचा खर्च उचलायला हवा.