उपचारांचा खर्च झेपत नाही? हॉस्पिटलमध्ये आधी 'या' व्यक्तीला भेटा

घरात कुणी अचानक आजारी पडलं, विमा नाही आणि हॉस्पिटल अनामत रक्कम मागतंय. अशा वेळी आपण नातेवाइकांना फोन लावतो, दागिने गहाण ठेवतो, नाहीतर सोशल मीडियावर मदतीची पोस्ट टाकतो. त्याआधी एक प्रश्न विचारा: हे हॉस्पिटल धर्मादाय आहे का?

धर्मादाय म्हणजे सार्वजनिक ट्रस्टने चालवलेलं. मुंबई-पुण्यातली अनेक चकचकीत हॉस्पिटल्सही यात मोडतात (बाहेरून पाहून अजिबात वाटत नाही!). मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला.

यासाठी पैसा येतो इतर रुग्णांच्या बिलांतून. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करावी लागते. म्हणजे हॉस्पिटल तुमच्यावर उपकार करत नाहीये.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत न मागता दाखल करून घेणं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणं बंधनकारक आहे.

मग अडतं कुठे?

महात्मा फुले जन आरोग्य योजना वेगळी. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण फक्त योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्या उपचारांसाठी. तिथे भेटायचं 'आरोग्यमित्रा'ला. धर्मादाय खाटेसाठी मात्र वैद्यकीय समाजसेवकाला. दोन टेबलं, दोन अर्ज. आजारी माणसाला सोडून नातेवाईक या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात, आणि तोवर बिल वाढत जातं. खरी उणीव योजनांची नाही, त्या रुग्णापर्यंत आणून जोडणाऱ्या माणसाची आहे.

म्हणून बिलिंग काउंटरच्या आधी समाजसेवकाचं टेबल गाठा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. 'खाट शिल्लक नाही' असं उत्तर मिळालं, तर धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर रिकाम्या खाटांची माहिती तपासा आणि तक्रारही त्यांच्याच कार्यालयात करा. फुले योजनेची हेल्पलाइन आहे १५५३८८.